मैत्रीच्या आडोशाने

१९७० च्या सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचे शिक्षण घेण्यासाठी सिक्कीमहून एक तरुण आला. सिक्कीम त्या वेळी भारताचा घटक नव्हते. ते भारताच्या संरक्षणाखालील एक राजसंस्थान होते आणि त्याचे विलीनीकरण पुढे १९७५ साली झाले. त्या तरुणाचे नाव त्शेरिंग फिंत्सो डेन्झोंगपा. हे नाव सहाध्यायांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्याच संस्थेत शिकणाऱ्या जया भादुरी यांनी त्याला ‘डॅनी’ हे सुटसुटीत नाव सुचवले, आणि पुढे साऱ्या हिंदी चित्रपटसृष्टीने त्याला त्याच नावाने ओळखले. या प्रसंगात कोणाच्या मनात अणुमात्र दुष्टावा नव्हता. किंबहुना परमुलखातून आलेल्या एकट्या मुलाला आपल्यात सामावून घेण्याची ती एक प्रेमळ धडपड होती. तथापि, जे नाव सिक्कीममधल्या कोणत्याही खेड्यात कोणालाही अवघड वाटले नसते, ते पुण्यात अवघड ठरल्यावर ऐकणाऱ्यांनी आपली जीभ वळवून घेण्यापेक्षा नाव धारण करणाऱ्याने नावच बदलावे हे सर्वांना, बहुधा त्या तरुणालाही, स्वाभाविक वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बहुसंख्य समाजातील माणूस आणि अल्पसंख्य समाजातील माणूस यांच्या मैत्रीत प्रेम दोन्ही बाजूंनी असते, पण तडजोड पुष्कळदा एकाच बाजूने होत राहते.

वंशभेद हा शब्द उच्चारला की आपल्या दृष्टीसमोर दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांचा अंमल किंवा अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतील पृथक् शाळा उभ्या राहतात, आणि हा परक्या देशांचा मामला आहे अशी आपण स्वतःची समजूत घालून घेतो. परंतु नागालँड, मणिपूर, मिझोराम, अरुणाचल येथून शिक्षणासाठी येणारी मुले-मुली पुण्यातील महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि कॉट बेसिसच्या खोल्यांत आपल्या मुलांबरोबर कित्येक वर्षे राहत आहेत, आणि त्यांची मराठी मुलांशी खरीखुरी, जिवाभावाची मैत्रीही होत आहे. या मैत्रीत दिवसातून दोनचार वेळा सहज बोलली जाणारी वाक्ये कोणती असतात, ती पाहावीत. ‘तुला कराटे येत असेलच.’ ‘फोटो काढतोय, जरा डोळे उघडे ठेव रे.’ ‘कुत्रं चवीला कसं लागतं, खरं सांग.’ ‘तुझं हिंदी मात्र मस्त आहे हं.’ ‘तिकडे जायला पासपोर्ट लागतो का?’ यांतील शेवटचा प्रश्न अगदीच निराधार नाही; ब्रिटिशांनी १८७३ साली केलेल्या बंगाल पूर्व सीमा विनियमाचा अवशेष म्हणून अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि २०२० पासून मणिपूर येथे जाण्यासाठी बाहेरच्या भारतीय नागरिकालाही परवाना काढावा लागतो. परंतु विचारणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसतो. त्याला जे ठाऊक असते, किंवा ठाऊक आहे असे वाटते, ते एवढेच की समोरचा मित्र कोठल्यातरी बाहेरच्या देशातला आहे.

‘तुम्ही सगळे सारखेच दिसता’ हे असेच आणखी एक वाक्य. त्यापासूनच आरंभ करू, कारण त्याच्या मुळाशी एक खरा शारीरिक अनुभव आहे. ज्या चेहऱ्यांत आपण वाढलो त्यांतील सूक्ष्म भेद आपल्याला चटकन् कळतात आणि इतर समाजांतील चेहऱ्यांतले भेद कळत नाहीत, हे अमेरिकेत १९६९ पासून झालेल्या प्रयोगांत वारंवार आढळले आहे. याहून उद्बोधक निष्कर्ष अर्भकांवरील प्रयोगांतून निघाला. तीन महिन्यांचे गोरे इंग्रज मूल आफ्रिकी, चिनी, मध्यपूर्वेकडील आणि गोऱ्या अशा चारही समूहांतील दोन अनोळखी चेहऱ्यांमधला फरक ओळखू शकते. तेच मूल नऊ महिन्यांचे झाले की केवळ स्वजनांच्या चेहऱ्यांतला फरक ओळखते. आणि हेही कायमचे नसते. कोरियात जन्मलेली, पण बालपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेली मुले मोठेपणी तपासली गेली, तेव्हा त्यांना कोरियन चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे अधिक अचूक ओळखता आले. म्हणजे ही उणीव रक्तातील नाही, सरावाची आहे, आणि सराव वाढवता येतो. ‘मला फरक दिसत नाही’ ही कबुली निरुपद्रवी होय; ‘तुमच्यात फरकच नाही’ हा निवाडा मात्र ती करणाऱ्याच्या अधिकाराबाहेरचा आहे.

फरक केवढे आहेत! ईशान्य भारतातील आठ राज्ये, २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे साडेचार कोटी लोक आणि दोनशेहून अधिक भाषा. मेघालयातील खासी भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, म्हणजे मिझो भाषेपेक्षा कंबोडियातील ख्मेर भाषेला अधिक जवळची. आणि असमिया तर मराठीचीच सख्खी, इंडो-आर्य कुळातली. खासींचे कूळ आईवरून चालते आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. मणिपूरच्या मैतेई समाजाने अठराव्या शतकात राजाश्रयाने वैष्णव पंथ स्वीकारला. नागा आणि मिझो बहुसंख्येने ख्रिस्ती. मिझोरामचे साक्षरतेचे प्रमाण २०११ साली ९१ टक्क्यांहून अधिक होते आणि महाराष्ट्राचे ८२ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या विविध जनसमूहांना एका टोपणनावाखाली कोंबणे हे अज्ञान तर खरेच, पण हे अज्ञान सुद्धा वारशाने आलेले आहे, आणि त्याचा एक धागा सरकारी दफ्तरातून निघतो.

१९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण आणि डोक्याची मापे यांच्या आधाराने भारतातील लोकांची सात वांशिक गटांत वाटणी केली. हिमालयाच्या कुशीतील आणि ईशान्येकडील लोक ‘मंगोलॉइड’ या सदराखाली गेले. मराठी वाचकाला हे ठाऊक असणे अगत्याचे आहे की, याच तक्त्यात मराठे ‘सिथो-द्रविड’ म्हणून नोंदले गेले होते, म्हणजे शक आक्रमक आणि द्रविड यांच्या संकराने झालेली प्रजा. आज महाराष्ट्रात कोणी स्वतःला या नावाने ओळखत नाही आणि कोणी दुसऱ्याला हिणवतही नाही. दोन्ही नोंदी एकाच लेखणीतून उतरल्या. एक ग्रंथालयात धूळ खात पडली आणि दुसरी रस्त्यावर आली, याचे कारण असे की आपल्यावर आपले नाव लादण्याइतका संख्येने वरचढ शेजारी आपल्याला नव्हता, आणि त्यांना मात्र आपण होतो.

या संदर्भात पुण्याच्याच एका विदुषीचे स्मरण करणे माझे कर्तव्य आहे. इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. गोऱ्या माणसाच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात, त्याचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे आणि इतर वंशांत ही असमानता आढळणार नाही, असे फिशर यांचे अनुमान होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि असमानतेचा वंशाशी कोणताही संबंध नाही असा निष्कर्ष त्यांनी आपल्या मार्गदर्शकाच्याच दारात उभे राहून मांडला. परदेशातील एक तरुण, गौरेतर विद्यार्थिनी, आणि समोर जो पुढे नाझी वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाला असा प्राध्यापक! या धैर्याचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते. पुढे १९७२ साली रिचर्ड लेवोन्टिन यांनी रक्तातील प्रथिनांच्या आधारे दाखवून दिले की, मानवजातीतील आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका जनसमूहाच्या आतच सापडते. ‘वंशां’मधला म्हणून जो भेद उरतो तो अत्यल्प. विज्ञानाने तक्ता मोडीत काढला, तरी मनातील तक्ता टिकून आहे.

तो टिकतो याचे एक कारण असे की ठोकळेबाज समजुतींना अनुभवाची गरजच नसते. १९३३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील शंभर विद्यार्थ्यांना ८४ विशेषणांची यादी देऊन दहा जनसमूहांना लागू पडणारी विशेषणे निवडायला सांगण्यात आले, तेव्हा ज्यांची या मुलांशी क्वचितच गाठ पडली असेल त्या तुर्कांविषयीही त्यांनी विनासंकोच, आणि प्रतिकूल, मत नोंदवले. यावर उपाय सुचतो तो सरळ: गाठ पडू द्यावी. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला, पण त्याला अटी घातल्या. दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, कार्य समाईक असावे, परस्परांच्या साहाय्यावाचून ते साधू नये आणि वरिष्ठांचा अशा मिसळण्याला पाठिंबा असावा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप या दोघांनी २००६ साली ५१५ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, त्यातही संपर्काने पूर्वग्रह घटतो असेच सर्वसाधारणपणे दिसले, आणि मैत्री हा तर संपर्काचा सर्वांत समर्थ प्रकार ठरला. मैत्रीवर अविश्वास दाखवण्याचा या लेखाचा मुळीच हेतू नाही.

परंतु ऑलपोर्टनेच आणखी एक निरीक्षण करून ठेवले आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तेथे आहे. आपल्या समजुतीशी न जुळणारा माणूस भेटला की मन ती समजूत सोडून देत नाही. ते कुंपणाचे फाटक क्षणभर उघडून त्या एका माणसाला आत घेते आणि फाटक पुन्हा लावून टाकते. ‘ते लोक नशेबाज असतात, पण तू तसा नाहीस.’ ‘तिकडच्या मुली जरा जास्तच मोकळ्या, पण तू आमच्यातलीच.’ बोलणाऱ्याच्या दृष्टीने हा मित्राचा गौरव असतो. ऐकणाऱ्याच्या कानी काय पडते? आपल्याला येथे प्रवेश मिळाला आहे तो आपल्या आईबापांना, भावंडांना आणि गावकऱ्यांना कुंपणाबाहेर ठेवण्याच्या बोलीवर. शिवाय हा प्रवेश रद्दही होऊ शकतो. उद्या त्याने एखाद्या समारंभात चार घोट घेतले किंवा तिने आपल्या मर्जीचे कपडे घातले, की ‘शेवटी वळणावर गेलाच’ हे शब्द तयार असतात. अशा रीतीने मैत्री पूर्वग्रहाचा नाश करण्याऐवजी त्याला आडोसा देते, कारण ज्याच्या मनात तो वावरतो त्याला आपण पूर्वग्रहमुक्त असल्याचा दाखला हाताशी सापडतो: माझा तर जवळचा मित्रच नागा आहे!

या आडोशाची घडण समजून घेण्यास बर्गसीकर, शेल्टन आणि रिचसन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेले संशोधन फार उपयोगी आहे. अमेरिकेतील गोरे आणि कृष्णवर्णीय वा लॅटिनो विद्यार्थी एकत्र येतात तेव्हा प्रत्येकाची मनोमन अपेक्षा काय असते, याचा त्यांनी शोध घेतला. गोऱ्या विद्यार्थ्यांची धडपड आपण आवडावे, आपण सज्जन आहोत हे समोरच्याला पटावे, अशी होती. अल्पसंख्य विद्यार्थ्यांची आपला मान राखला जावा, आपली कर्तबगारी ओळखली जावी, अशी. एका बाजूला स्नेह हवा, दुसरीला आदर. अमेरिकेतील हा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लागू करणे शास्त्राला धरून होणार नाही, पण पुण्याच्या कट्ट्यावरील संभाषणे ऐकताना त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मराठी मुलगा मित्राच्या पाठीवर थाप मारतो, त्याला मोमो म्हणून हाक मारतो, गणपतीत घरी जेवायला नेतो, आजारपणात रात्र रात्र जागतो. आणि एवढे सगळे केल्यावर मित्र दुखावला आहे असे कोणी सांगितले तर त्याला ते कृतघ्नपणाचे वाटते, कारण त्याच्या हिशेबी स्नेहाची रक्कम पुरेपूर चुकती झालेली असते. मित्राची तक्रार स्नेहाच्या खात्यातील नसतेच. त्याने मणिपूरमधून बारावीला उत्तम गुण मिळवून येथे प्रवेश मिळवला, त्याला वास्तुशास्त्रात गती आहे, त्याच्या आजोबांनी आपल्या बोलीत लोककथा लिहून ठेवल्या आहेत, यांतील एकही गोष्ट कोणी विचारली नाही, आणि कुत्र्याच्या मांसाविषयी मात्र सर्वांनी विचारले, ही त्याची तक्रार असते.

मग तो हसतो कशासाठी? हा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि त्या हसण्याचा अर्थ संमती असा लावून मोकळे होतात. घरापासून दोन हजार किलोमीटरांवर, जेथे खोली मिळवताना मालकाच्या आधी सोसायटीची मर्जी सांभाळावी लागते, तेथे ज्या चार मित्रांच्या भरवशावर तो दिवस काढतो त्यांना दुखावणे त्याला परवडणारे नसते. शिवाय, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अन्याय झाला असे म्हटले की लोक त्यालाच कुरकुऱ्या ठरवतात, हे कायझर आणि मिलर यांनी २००१ साली प्रयोगाने दाखवले, तेही त्या प्रयोगात अन्याय झाला असण्याची शक्यता उघड असताना. हसणे ही तेथे राहण्याची किंमत असते, आणि ती रोज थोडीथोडी द्यावी लागते. चेस्टर पियर्स या हार्वर्डच्या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञाने १९७० मध्ये अशा बारीकसारीक आघातांकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते याच कारणाने: एकेक आघात क्षुल्लक असतो, आणि म्हणूनच त्याची दाद मागता येत नाही, पण त्यांचा संचय क्षुल्लक नसतो.

स्तुतीच्या रूपाने येणाऱ्या ठोकळ्यांची गोष्टही वेगळी नाही. ‘तुम्हा लोकांच्या गळ्यातच गाणं असतं’ असे सांगितल्यावर ज्याला सूर लागत नाही त्याने तोंड कोठे लपवावे? आशियाई वंशाच्या अमेरिकन विद्यार्थिनींना परीक्षेपूर्वी त्यांच्या समाजाच्या गणितातील लौकिकाची आठवण करून दिली असता त्यांचे गुण घसरले, असे २००० साली एका अभ्यासात दिसून आले. लौकिकाचे ओझे मनाची एकाग्रता खाऊन टाकते. ‘हिंदी छान बोलतोस’ या प्रशस्तीचेही तसेच. जो नागरिक आहे त्याला तू पाहुणा आहेस असे त्यातून कळते.

अन्नाचा विषय सर्वांत नाजूक. दिल्ली पोलिसांनी २००७ साली ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली होती. तीत बांबूचे कोंब, आखुनी अशा उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना उपद्रव न होईल अशा बेताने शिजवावेत असा उपदेश होता. आखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन, नागा स्वयंपाकाचा प्राण. तिच्याभोवती गुंफलेला एक हिंदी चित्रपटही निकोलस खारकोंगोर यांनी काढला. आपल्या कोकणातल्या घरातून सुके बोंबील आणि जवळा घेऊन पुण्या-मुंबईच्या शाकाहारी इमारतीत गेलेल्या माणसाला या उपदेशामागील अपमान निराळा समजावून सांगावा लागणार नाही. तरीही तोच माणूस नागा मित्राच्या खोलीत शिरताना नाकाला रुमाल लावतो, हे मला समजू शकत नाही.

कोणी म्हणेल, मित्रांच्या थट्टेला एवढे गांभीर्य कशाला? कारण ज्या शब्दांनी थट्टा होते तेच शब्द रस्त्यावर दगड होतात. २९ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलचा निडो तानिया हा विशीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात शिरला. तेथे त्याच्या केसांची व रूपाची टवाळी झाली, त्यातून भांडण, भांडणातून मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये केवळ मोबाइलवरील अफवांमुळे बंगळूर आणि पुणे येथून हजारो ईशान्यवासी मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले. ज्या शहरात आपल्याला एवढे मित्र आहेत त्या शहरात आपण सुरक्षित आहोत, असे त्यांना वाटले नाही; पुण्याच्या मित्रांनी या गोष्टीचा विचार करायला हवा होता. २०२० च्या महासाथीत तर ‘करोना’ ही नवी हाक जन्माला आली. निडोच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यात नवी कलमे घालण्याबरोबरच ईशान्येचा इतिहास देशभरच्या अभ्यासक्रमांत शिकवावा अशी शिफारस केली. कायदा दुकानदाराला जाब विचारू शकेल. कट्ट्यावर त्याची हुकमत चालत नाही.

तेथे कोणाची चालते, याचे उत्तर झॉप आणि मॉन्टीथ यांच्या संशोधनात आहे. ज्याची थट्टा झाली त्याने हरकत घेतली तर बोलणारा ती फाजील हळवेपणा म्हणून झटकतो. तीच हरकत त्याच्याच समाजातील तिसऱ्या माणसाने घेतली तर त्याला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटण्याचा संभव बराच वाढतो. ज्याला असे हटकले गेले तो चरफडतो खरा, पण पुढच्या प्रसंगी त्याच्या उत्तरांत ठोकळेबाजपणा कमी झालेला आढळतो. म्हणून ‘जाऊ दे रे, तो आपलाच आहे, त्याला काही वाटत नाही’ असे कोणी म्हटले की उत्तर त्या नागा वा मैतेई मुलाकडून येण्याची वाट न पाहता शेजारी बसलेल्या मराठी मुलानेच ‘त्याचं त्याला माहीत, मला वाटतं’ असे म्हणावे. त्या संध्याकाळी गप्पांचा रंग थोडा बिघडेल, कोणी चहा अर्धवट टाकून उठेलही. पण हसण्याचे ओझे त्या एका मुलाच्या डोक्यावर तेवढ्यापुरते राहणार नाही.